भरिताची वांगी भाजायच्या यंत्राचं पेटंट काढावं का?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही यावल तालुक्यातले. मित्राच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही भरिताची वांगी भाजायचं यंत्र केलं: दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम, खाली कपाशीच्या काड्यांची भट्टी, आत फिरणारा सांगाडा आणि तो फिरवायला भंगारातली वायपर मोटर. एका वेळी चाळीस वांगी. तीन लग्नं आणि दोन भरीत पार्ट्या त्यावर निघाल्या, कुणीतरी व्हिडिओ टाकला, तो फिरला, आणि मग एका कंपनीचा फोन आला. पस्तीस हजार भरा, पेटंट गॅरंटीने मिळवून देतो, वर मोठ्या कंपनीला विकूनही देतो. पैसे भरू का, असं तुम्ही विचारलंय.

नका भरू. पण एवढंच सांगून थांबलो तर तुमचं नुकसान होईल. तुमच्याकडे खरंच काहीतरी आहे, आणि ते नेमकं कुठे आहे हे तुमच्याच लक्षात आलेलं दिसत नाही.

आधी त्या फोनचं बघू. मी जळगावात वीसेक वर्षं पेटंट एजंटचं काम करतोय, त्याआधी एमआयडीसीत ड्रॉइंग काढायचो. पेटंटची गॅरंटी देणारा माणूस एकतर कायदा शिकलेला नाही किंवा शिकून विसरलाय. पेटंट द्यायचं की नाही हे पेटंट ऑफिसचा परीक्षक ठरवतो, आणि आपल्याकडचे अर्ज मुंबईच्या ऑफिसात जातात. या लोकांची गॅरंटी बहुतेक वेळा दोनपैकी एका कागदाची असते. अर्ज दाखल झाल्यावर साधारण अठरा महिन्यांनी तो जर्नलमध्ये छापला जातो. जवळपास प्रत्येक अर्ज छापला जातो, त्यात काही पराक्रम नाही. ते पान फ्रेम करून ‘पेटंट’ म्हणून हातात देतात. माझ्याकडे अशी फ्रेम घेऊन एक गृहस्थ आले होते, दुकानात देवाच्या फोटोशेजारी लावलेली. दुसरा कागद म्हणजे डिझाइन नोंदणीचं प्रमाणपत्र. डिझाइन म्हणजे वस्तूचं दिसणं, तिचा आकार, नक्षी. ते वेगळ्या कायद्याखाली येतं आणि मिळायला खूप सोपं आहे. आपल्या जळगावच्या चटईवाल्यांना त्याचा खरा उपयोग आहे, कारण तिथे नक्षीच चोरीला जाते. तुमच्या ड्रमच्या आकाराची चोरी कोण करणार? तेव्हा कुणी पेटंट एजंट आहे म्हणाला की त्याचा नोंदणी क्रमांक विचारा आणि पेटंट ऑफिसच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव तपासा. एवढ्या प्रश्नावर अर्धे फोन कट होतात.

आता यंत्राकडे येऊ. तुम्ही दोन परिच्छेद ड्रमचं, मोटरचं आणि भट्टीचं कौतुक केलंय. ते सगळं पेटंटच्या दृष्टीने जवळजवळ कुचकामी आहे. राग मानू नका. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात हंगामात दुकानांबाहेर हिरव्या मिरच्या भाजतात, जाळीचा फिरता ड्रम आणि त्याला गॅसचा जाळ, आणि हे तिथे वर्षानुवर्षं चाललंय. तुर्कस्तानात आणि बल्कन देशांतही वांगी, मिरच्या भाजून त्यांचं भरितासारखं काहीबाही करतातच. परीक्षक हे दहा मिनिटांत शोधून काढेल. मग तुम्ही म्हणाल, पण गॅसऐवजी काड्या आणि हाताऐवजी वायपर मोटर हे तर माझं आहे ना? त्यालाच वर्कशॉपमधली सुधारणा म्हणतात. कुशल कारागिराला जे सहज सुचेल त्याला पेटंट नाही. उत्तर प्रदेशातल्या भांडी बनवणाऱ्या दोन उद्योगांचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, लेथवर भांडं धरून ठेवायच्या पद्धतीवरून. १९७८ मध्ये निकाल लागला आणि दिलेलं पेटंटसुद्धा याच कारणाने रद्द ठरलं. शिवाय कायद्याच्या कलम ३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की आपापलं काम करणाऱ्या माहीत असलेल्या वस्तू नुसत्या एकत्र मांडल्या तर तो शोध नव्हे. ड्रम ड्रमचं काम करतो, मोटर मोटरचं.

भरिताच्या कृतीचाही विषय तुम्ही काढलाय: काड्यांवर भाजणं, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, मिरचीबरोबर ठेचणं, कांद्याची पात वगैरे. ते सोडून द्या. ती आपल्या आज्या-पणज्यांची आहे, आणि पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाही हेही त्याच कलमात आहे.

आता तुमच्या प्रश्नाची शेवटची ओळ. तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ‘आणि वांगं शिजलं की ते आपोआप खाली ट्रेमध्ये पडतं, कारण आई जशी पोटाला बोट लावून बघायची तशी एक पट्टी त्याच्या पोटाला लावलीय.’ मी ही ओळ तीनदा वाचली. मला कळलं ते असं: प्रत्येक वांग्याचं देठ एका चिमट्यात आहे, पोटावर स्प्रिंगची पट्टी टेकलीय, वांगं कच्चं असेपर्यंत पट्टी अडून राहते, गर मऊ झाला की ती आत रुतते, आणि रुतली की चिमटा सुटतो. म्हणजे लहान वांगं आधी पडणार, मोठं नंतर, आणि काड्यांचा जाळ कमी-जास्त झाला तरी फरक पडणार नाही. घड्याळ लागत नाही, थर्मामीटर लागत नाही. भाऊ, शोध म्हणायचा तो हा. ड्रमच्या जागी तिथे तंदूर असता तरी चाललं असतं.

यालाही पेटंट मिळेलच असं मी म्हणत नाही. असा चिमटा जगात कुणी आधी केला असेल तर विषय संपला. तसा कुणी केलाय का ते आधी स्वतः शोधून बघा, फुकट आहे. भारतीय पेटंट ऑफिसचं शोधपान आहे आणि गुगल पेटंट्स आहे. एक गंमत लक्षात ठेवा: वांग्याला इंग्रजीत तीन नावं आहेत, ब्रिंजल, एगप्लांट आणि ऑबर्जिन. आपल्याकडचे अर्ज ब्रिंजल म्हणतील, अमेरिकन एगप्लांट, इंग्रज ऑबर्जिन. तिन्ही टाकून बघा. त्याहून महत्त्वाचं, वांगं सोडून ‘मऊ झाल्यावर सुटणारी पकड’ असं वेगवेगळ्या शब्दांत शोधा. बटाटा, मका, मांस, काहीही असू शकतं. मी स्वतः एक संध्याकाळ यावर बसलो तर तीन-चार तास लागतील, तुम्हाला आठवडा लागेल. पण त्या आठवड्यात तुम्ही जे शिकाल ते पस्तीस हजारांत मिळणार नाही.

आता व्हिडिओ. इथे मला खरी काळजी वाटते. पेटंटला पहिली अट नवेपणाची. अर्जाच्या तारखेआधी वस्तू जगासमोर आली असेल तर ती नवी राहत नाही, मग ती तुम्हीच आणलेली का असेना. अमेरिकेत शोधकाला स्वतःच्या प्रकटनानंतर, म्हणजे शोध स्वतःच जगासमोर आणल्यानंतर, एक वर्षाची सवलत मिळते, आणि इंटरनेटवर वाचून आपल्याकडची बरीच मंडळी तीच आपल्यालाही लागू आहे असं समजतात. आपल्याकडे तशी सरसकट सवलत नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलं तर बारा महिने मिळतात, पण गावातल्या लग्नाला कुणी अधिसूचित करत नाही. कलम ३२ मध्ये एक फट आहे: शोधाचं स्वरूपच असं असेल की चाचणी लोकांत घेणं भाग होतं, आणि ती फक्त वाजवी चाचणीच होती, तर अर्जाच्या आधीच्या वर्षभरातला वापर आड येत नाही. भरीत पार्टीत चाळीस माणसांसमोर भाजून बघितलं हे चाचणी म्हणून मांडता येईल. पण लग्नांचे पैसे घेतले असतील तर तो धंदा झाला, आणि ही बाजू लंगडी पडते. तुम्ही पैसे घेतले का, हे तुमच्या प्रश्नात नाही.

म्हणून आज रात्री तो व्हिडिओ थांबवत थांबवत बघा. ड्रमचं झाकण उघडं आहे का? चिमटा दिसतो का? दिसत असेल तर त्यावरून एखाद्या फिटरला तो बनवता येईल का? नुसतं वांगं टप्पकन खाली पडताना दिसत असेल आणि कसं पडतं ते कळत नसेल, तर अजून बरंच काही वाचलंय. व्हिडिओ काढून टाकला म्हणून झालेलं प्रकटन पुसलं जात नाही, तरी काढायला सांगा. आणि यापुढे झाकण बंद ठेवा. कुणी विचारलं तर म्हणा, आत आई बसलीय.

व्हिडिओत चिमटा नसेल तर एक दिवसही न घालवता प्रोव्हिजनल अर्ज करा. हा तात्पुरता अर्ज. त्यात शोधाचं वर्णन आणि चित्रं द्यायची, क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क सांगतोय ती वाक्यं, लिहायची गरज नाही. तारीख पक्की होते आणि संपूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. व्यक्तीने ऑनलाइन केला तर सरकारी फी १६०० रुपये. हो, एवढीच. पुढे परीक्षणाची विनंती ४००० रुपये, आणि २०२४ च्या नियमबदलानंतर ती पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांत करावी लागते. विसरलात तर अर्ज मेला. एजंटची फी याहून बरीच जास्त असते, कारण खरं काम लिहिण्यात आहे. पेटंट मिळालं तर वीस वर्षं टिकतं, पण तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी भाडं भरल्यासारखी फी आहे: सहाव्यापर्यंत ८०० रुपये, दहाव्यापर्यंत २४००, पंधराव्यापर्यंत ४८०० आणि पुढे ८०००. पूर्ण वीस वर्षांचे ७६,८०० होतात. बहुतेक लोक मध्येच सोडून देतात, आणि त्यात काही गैर नाही.

लिहिण्याबद्दल माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात चोपड्याकडच्या एका केळीवाल्याने घड वाहायची गाडी केली होती, वाफ्यांतून चालणारी, घडाला डाग न पाडणारी. खरी करामत घड टांगायच्या झोळीत होती. मी क्लेम लिहिताना, समोर दिसतं तसं, ‘दोन चाकांची चौकट आणि तिला बसवलेली झोळी’ असं लिहिलं. पेटंट मिळालं. पुढच्या कांदेबागाला, म्हणजे केळीच्या पुढच्या हंगामाला, दुसऱ्या एका वर्कशॉपने एका चाकाची गाडी काढली, झोळी तीच. आम्ही काहीही करू शकलो नाही, कारण आमच्या वाक्यात दोन चाकं होती. त्या शेतकऱ्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, त्यामुळे जास्त लागलं.

तुमच्या बाबतीत तीच चूक ‘स्प्रिंग’ या शब्दात दबा धरून बसलीय. तुम्ही स्प्रिंग लिहिलंत की समोरचा वजनाची पट्टी लावेल आणि मोकळा होईल. म्हणून पहिल्या क्लेममध्ये ‘पृष्ठभागावर दाब देणारा घटक’ अशा अर्थाचं लिहायचं, आणि स्प्रिंग, वजन, लवचीक पट्टी हे खालच्या क्लेममध्ये एकेक करून आणायचं. ‘वांगं’ असंही लिहू नका. भाजल्यावर मऊ होणारं कुठलंही फळ किंवा भाजी म्हणा. प्रोव्हिजनलमध्येसुद्धा हे सगळे पर्याय आधीच नोंदवा, कारण तिथे जे नाही त्याला ती तारीख मिळत नाही.

आणखी एक नाजूक गोष्ट. चिमटा सुचला कुणाला? यंत्र मित्राच्या वर्कशॉपमध्ये झालं. तुम्ही सांगितलं तसं त्याने वेल्डिंग केलं असेल तर तो कारागीर, शोधक नव्हे. पण ‘पट्टी रुतली की चिमटा सुटू दे’ ही कल्पना त्याची असेल तर तो शोधक आहे आणि त्याचं नाव अर्जात आलंच पाहिजे, नाहीतर पुढे पेटंट त्यावरूनच उडू शकतं. दोघांच्या नावावर असेल तर वेगळं काही ठरवलं नसल्यास हिस्सा सारखा, आणि एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही. हे बोलणं आत्ता चहावर होऊ द्या, कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा. पैसे आल्यावर ते कोर्टात होतं. आईच्या बोटाचं म्हणाल तर कायदा त्यांना शोधक मानणार नाही, पण त्यांना सांगा जरूर.

समजा पेटंट मिळालं. मग काय? इथेच लोकांची सगळ्यात मोठी गैरसमजूत असते. पेटंट म्हणजे विक्री नव्हे. दुसऱ्याला तुमची वस्तू बनवण्यापासून रोखायचा तो हक्क आहे, आणि रोखायचं म्हणजे शेवटी तुम्ही स्वतः जिल्हा न्यायालयात दावा लावायचा. समोरच्याने ‘पेटंटच रद्द करा’ असा प्रतिदावा केला की प्रकरण उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्यासाठी औरंगाबाद खंडपीठात. तुमची ती वायपर मोटर बघून मला रॉबर्ट कर्न्स आठवला. थांबून थांबून फिरणारा वायपर त्या अमेरिकन प्राध्यापकाने शोधला. पेटंटं त्याच्याकडे होती, तरी फोर्डवर १९७८ मध्ये दावा लावला आणि पैसे हातात यायला १९९० उजाडलं. एक कोटी डॉलरच्या वर मिळाले, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. आणि वस्तू विचित्र असली म्हणून पेटंट मिळत नाही असंही नाही. लेझरच्या ठिपक्यामागे मांजर पळवून तिला व्यायाम देण्याच्या पद्धतीला १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालंय. त्यातून कुणी बंगला बांधला असं मला वाटत नाही.

तुमचं गिऱ्हाईक कोण ते मोजा. जळगाव, भुसावळ, फैजपूर, सावदा, रावेर, चोपडा इथले आचारी, केटरर, भरीत केंद्रं. वहीत नावं लिहा. यंत्र ते एकदाच घेणार आणि दहा वर्षं वापरणार. हंगाम थंडीचा. विकण्याऐवजी मंडपवाल्यासारखं भाड्याने दिलंत, सोबत स्वतःचा माणूस पाठवलात, तर झाकण बंद राहील आणि पैसेही हंगामभर येत राहतील. माझ्या मते पहिल्या दोन हिवाळ्यांत हाच धंदा. पुण्या-सुरतेकडे गेलेली आपली मंडळी हिवाळ्यात भरीत पार्ट्या करतातच, तिकडेही मागणी निघेल. उलट चिमटा जर मिरचीला आणि बिया जास्त असलेल्या लांब वांग्यालाही चालला, तर बाजार खानदेशाच्या बाहेरचा आहे, आणि मग प्रोव्हिजनलपासून बारा महिन्यांत परदेशाचाही निर्णय घ्यावा लागेल. तो खर्च मात्र लाखांत जातो. गिऱ्हाईक समोर असल्याशिवाय त्यात पडू नका.

गावातल्या नकलेची फार धास्ती घेऊ नका. अमरेलीच्या मनसुखभाई जगानींनी बुलेट मोटरसायकलला मागे अवजारं जोडून ‘बुलेट सांती’ केली, अमेरिकेचं पेटंटही मिळालं, तरी सौराष्ट्रातल्या वर्कशॉपांनी तसलीच यंत्रं बनवली. आपल्या भागातही पेटंटचा धाक फारसा कुणाला नाही. धाक असतो तो मोठ्या कंपनीला, कारण तिला कोर्टाची आणि नावाची भीती असते. म्हणजे पेटंटचा उपयोग तुम्हाला शेजारच्या फॅब्रिकेटरपेक्षा एखाद्या भांडी-उपकरणं बनवणाऱ्या कंपनीशी बोलताना होईल. तसं बोलणं कधी करायचंच नसेल, तर १६०० रुपयांवर थांबा, बारा महिने भाड्याने चालवून बघा आणि मग ठरवा.

खर्च झेपत नसेल तर गांधीनगरच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनला लिहा. २००० सालापासून ती संस्था शेतकरी, कारागीर अशा लोकांच्या शोधांवर काम करते आणि निवडलेल्या शोधांचे पेटंट अर्जही करून देते. निवड होईलच असं नाही, वेळही लागतो, म्हणून त्यांची वाट बघत तारीख घालवू नका.

यंत्राला ‘जळगाव भरीत मशीन’ नाव द्यायचं म्हणताय. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालाचं, एकट्या कुणाचं नव्हे, आणि शिवाय नुसतं वर्णन करणारं नाव ट्रेडमार्क म्हणून टिकत नाही. काहीतरी वेगळं, घरचं नाव शोधा. आणि अर्ज दाखल झाल्यावर ड्रमवर ‘पेटंट पेंडिंग’ लिहा, ‘पेटंटेड’ नको. मिळालं नसताना तसं लिहिल्यास दंड दहा लाखांपर्यंत आहे.

एक तांत्रिक शंका माझीही. काड्यांच्या जाळात साधी स्प्रिंग फार काळ ताठ राहत नाही, तापून तापून ढिली पडते, आणि मग वांगी कच्चीच पडायला लागतील. किती भाजण्यांनंतर पट्टीचा दाब कमी होतो ते तराजूवर मोजून तारखेसह वहीत लिहून ठेवा. स्प्रिंगऐवजी वजन लावून बघितलंत तर त्याचंही चित्र काढा. व्हिडिओची तारीख, लग्नांचे पैसे घेतले की नाही, आणि चिमटा कुणाला सुचला, एवढ्या तीन गोष्टी मला निरोपात कळवा. चिमट्याचा फोटो मात्र इथे टाकू नका.